अर्ध्या तासाचं मैदान

फोर्टातल्या एका बँकेत मी १९७९ साली लागले, तेव्हा जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती. डबा घाईघाईत उरकायचा आणि पाय मोकळे करायला फाउंटनवर जायचं, फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची. आमच्या खात्यातले एक ज्येष्ठ कारकून मात्र आझाद मैदानाची वाट धरायचे. एकदा म्हणाले, "चल गं पोरी, आज शिक्षक मोर्चा घेऊन आलेत. काय म्हणतात ते ऐकू." त्या दिवसापासून मलाही ती सवय लागली. जायला आठ मिनिटं, यायला आठ. उभ्यानं ऐकायला जे काही उरेल ते आपलं.

या मैदानाची गोष्ट जुनी. मुंबईच्या किल्ल्याच्या तोफांसमोर आडोसा राहू नये म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६०च्या दशकात तट पाडला गेला, रस्ते आले आणि त्या एकाच पटांगणाची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज अशी चार मैदानं झाली. शत्रूवर नेम धरता यावा म्हणून राखलेल्या जागेवर पुढे माणसं स्वातंत्र्य मागायला जमली. गोलमेज परिषदेहून गांधीजी २८ डिसेंबर १९३१ला मुंबईत उतरले, त्या दिवशी ते आझाद मैदानातच बोलले.

पण दुपारची सभा ही नोकरदारांची, कामगारांची चाल. संप केला की पगार कापला जातो. जेवणाची सुट्टी मात्र कामगाराची स्वतःची असते, तिच्यात दिलेल्या घोषणेचा पैसा कुणी कापू शकत नाही. म्हणून गिरणीच्या दारात पाळी बदलताना सभा व्हायची आणि बँकांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या दारात मधल्या सुट्टीत. तिला द्वारसभा म्हणत. छातीवर काळी फीत, हातात डब्याची पिशवी आणि एखाद्या पायरीवर उभा राहिलेला वक्ता. माइक नसला तरी चालायचं. घंटा व्हायच्या आत मुद्दा संपवायचा असल्यानं वक्ते फापटपसारा लावत नसत. नेमकं बोलणं काय असतं ते मी तिथे शिकले, शाळा-कॉलेजात नाही.

त्या काळी मोर्चे मैदानातून निघून पुढे जायचे आणि पोलीस त्यांना काळा घोडा परिसरात अडवायचे. वाटेत हुतात्मा चौक लागायचा. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या माणसांवर तिथे गोळ्या चालल्या, त्या दिवशी १५ जण गेले. माझे सहकारी तिथून जाताना बोलणं थांबवत. का, ते मी कधी विचारलं नाही. १९९७मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दक्षिण मुंबईतले मोर्चे आझाद मैदानाच्या ठरावीक भागात बांधले गेले. रस्ते मोकळे झाले, हे खरं. पण खिडकीत येऊन मोर्चा बघणारा कारकूनही त्यामुळे सुटला. आता ऐकायचं तर मुद्दाम उठून जावं लागतं.

१२ मार्च २०१८, सोमवार. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्या दुपारी डबा न उघडताच पिशवीत घातला आणि निघाले. नाशिकहून ६ मार्चला निघालेले किसान सभेचे शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून पहाटे मैदानात पोहोचले होते. रविवारी रात्री शीवच्या सोमय्या मैदानात टेकले, पण दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची वाट अडू नये म्हणून अंधारातच पुन्हा चालायला लागले. मैदानभर लाल टोप्या. बहुतेक आदिवासी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन नावावर करा, एवढं त्यांचं मुख्य मागणं होतं.

कडेला एक आजी पाय पसरून बसल्या होत्या. टाचेची साल पार निघालेली. मी डबा पुढे केला. त्यांनी भाजीपोळी आधी शेजारच्या दोघींना दिली, मग उरलेलं स्वतः खाल्लं. "कुठून आलात, आजी?" विचारलं तर म्हणाल्या, "सुरगाण्याकडून. तू इथंच राहतीस का गं बाय?" मी म्हटलं, इथं कामाला आहे. "मग जा, साहेब वरडंल." मी गेले नाही. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच सुट्टी संपल्यावर वीस मिनिटं उशिरा टेबलाशी आले आणि रजिस्टरात तसं लिहिलं.

संध्याकाळी सरकारनं लेखी आश्वासन दिलं आणि परतीसाठी रेल्वेनं खास गाड्या सोडल्या.

फोर्टात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. आझाद मैदानात आजही कुणी ना कुणी बसलेलं असतं. कधी विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, कधी आशाताई, कधी अंगणवाडीच्या बाया. आठवड्यातून एकदा जेवणाची सुट्टी तिकडे न्या. घोषणा देऊ नका हवं तर, पण पाच मिनिटं उभं राहून ऐका, आणि जाताना पाण्याची एक बाटली जास्तीची घ्या.