आयर्लंडचे देणे

मराठीत ‘देणे’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. हात उचलून दिले तेही देणे आणि सावकाराचे फेडायचे राहिले तेही देणे. आपण ज्या देशात येऊन स्थिरावलो, त्या आयर्लंडने या शब्दाचे दोन्ही अर्थ भोगले आहेत. गरीब, कर्जबाजारी देशांतील मुलांसाठी जगभरातून पैसा जातो. तो कधी वाढतो आणि कधी आटतो, हे समजून घ्यायचे तर याच देशाचा इतिहास उघडावा.

लेंटच्या दिवसांत आपली मुले शाळेतून ट्रोकेराचा पुठ्ठ्याचा डबा घरी आणतात, तो बहुतेकांच्या परिचयाचा असेल. ही संस्था १९७३ सालची. पण गोष्ट सुरू होते त्याच्या सव्वाशे वर्षे आधी.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीने गेली. बाहेरून आलेल्या अगदी पहिल्या वर्गण्यांमध्ये कलकत्त्याची वर्गणी होती: सुमारे १४,००० पौंड. तिथल्या आयरिश शिपायांनी, इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि काही हिंदी लोकांनीही ती भरली होती. १८४७ च्या जानेवारीत लंडनमध्ये ब्रिटिश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. तिचा प्रतिनिधी म्हणून पॉल स्ट्रेझलेकी नावाचा पोलिश भूगोलतज्ज्ञ मेयो भागात आला. तिथले हाल पाहून त्याने ठरवले की मदत थेट मुलांना द्यायची, आणि तीही शाळेत. रोज राय धान्याच्या पावाचा ठरलेला तुकडा. १८४८ च्या सुरुवातीला दोन लाखांहून जास्त मुले या योजनेवर जेवत होती. स्ट्रेझलेकीने कामाचा मोबदला घेतला नाही. आपल्याकडच्या शालेय पोषण आहाराचा हा एक विसरलेला पूर्वजच म्हणायचा.

मग पैसे संपले. राणी व्हिक्टोरियाच्या पहिल्या आवाहनपत्रानंतर चर्चमधून सुमारे १,७०,००० पौंड जमले होते. १८४७ च्याच ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या पत्राला जेमतेम ३०,००० आले. दुष्काळ काही सहापटीने कमी झाला नव्हता. लंडनच्या बाजारात मंदी आली होती, आणि लोक त्याच त्या बातम्यांना कंटाळले होते. १८४८ च्या उन्हाळ्यात मुलांचा पाव बंद झाला. सरकारने ती योजना पुढे चालवली नाही.

दुसरी बाजू याहून कडू आहे. सरकारी मदतीचा मोठा भाग कर्जाऊ होता. रस्त्यांची कामे, लापशीची केंद्रे, सगळे आयर्लंडच्या खात्यावर लिहिले गेले आणि दुष्काळ सरल्यावर स्थानिक करांतून वसुली सुरू झाली. अखेर १८५३ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टनने चाळीस लाख पौंडांहून अधिक देणे माफ केले आणि त्याच अंदाजपत्रकात आयर्लंडवर प्राप्तिकर बसवला! अटी घालून केलेली कर्जमाफी ही काही विसाव्या शतकाची कल्पना नव्हे.

विसाव्या शतकात हाच देश देणारा झाला. १९६८ मध्ये बियाफ्राच्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘कन्सर्न’ उभी राहिली. १९७७ मध्ये ‘गोल’ स्थापन झाली आणि तिचे पहिले काम होते कलकत्त्यातील रस्त्यावरच्या मुलांना जेवण देणे. १८४६ ची वर्गणी कोणाच्या ध्यानीमनी होती असे नाही, पण हिशेब वाचताना गंमत वाटते. सरकारी मदतकार्यक्रम १९७४ मध्ये सुरू झाला आणि पुढे लेसोथो, टांझानिया, झांबिया, इथिओपिया, मोझांबिक, युगांडा हे त्याचे मुख्य भागीदार झाले. एक गोष्ट आयर्लंडने पहिल्यापासून पाळली: मदत द्यायची ती अनुदान म्हणून, कर्ज म्हणून नाही.

१३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड आपल्यातल्या काहींनी दूरदर्शनवर किंवा नंतर कॅसेटवर पाहिला असेल. बॉब गेल्डॉफ डब्लिनचाच. कर्जमाफीच्या चळवळीत पुढे सरसावलेला बोनोही डब्लिनचाच. त्या चळवळीचा मुद्दा साधा होता: लाइव्ह एडने जेवढा पैसा उभा केला, तेवढा आफ्रिका आठवडाभरात कर्जाच्या हप्त्यांत परत करते. म्हणजे एका हाताने लस द्यायची आणि दुसऱ्याने दवाखान्याचा पगार काढून घ्यायचा.

१९९६ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीने अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी माफीची योजना आणली. १९९९ मध्ये ती विस्तारली. निर्यातीच्या दीडपटीहून जास्त कर्ज असलेला देश तिच्यात बसे. अट अशी की वाचलेला पैसा कुठे लावणार हे लिहून द्यायचे. युगांडाने १९९८ मध्ये सर्वांत आधी ही वाट पूर्ण केली आणि वाचलेल्या पैशांसाठी वेगळा निधी ठेवला. प्राथमिक शिक्षण तिथे १९९७ पासून मोफत झाले होते. शाळेतील मुले सुमारे तीस लाखांवरून काही वर्षांत दुपटीच्या आसपास गेली. टांझानियानेही माफीनंतर प्राथमिक शाळेची फी काढून टाकली. वर्ग तुडुंब भरले, शिक्षक अपुरे पडले, हेही खरे. आयर्लंडने २००२ मध्ये अशा देशांची कर्जे शंभर टक्के माफ व्हावीत अशी भूमिका जाहीर केली. स्वतः कुणाचा सावकार नसल्याने ते बोलणे सोपे होते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेवटी जागतिक बँकेतला वाटा आयर्लंडलाही उचलावा लागलाच.

मुलांच्या बाबतीत आयर्लंडचे खरे योगदान मात्र एका पेस्टमध्ये आहे. शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे. आपल्या दाण्याच्या लाडवाची शास्त्रीय बहीण. ज्यांच्या आईवडिलांनी १९७२ च्या दुष्काळातली सुकडी खाल्ली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. पूर्वी कुपोषित मुलाला आठवडेच्या आठवडे केंद्रात ठेवावे लागे आणि घरची बाकीची मुले उघडी पडत. २००० नंतर ‘कन्सर्न’ आणि ‘व्हॅलिड’ या संस्थांनी इथिओपिया, मलावीत पाकिटे आईच्याच हाती देऊन घरी उपचार करून पाहिले. ती पद्धत यशस्वी झाली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व युनिसेफने तिला मान्यता दिली.

आता पैशांचा आलेख. सप्टेंबर २००० मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत २००७ पर्यंत देण्याचा शब्द दिला. २००८ मध्ये आकडा ०.५९ टक्क्यांपर्यंत, सुमारे ९२ कोटी युरोंवर चढला आणि तिथून घसरला. बँका बुडाल्या, २०१० मध्ये आयर्लंड स्वतःच ८५ अब्ज युरोंच्या बचाव योजनेत गेला, आणि २०१४ पर्यंत मदत एक तृतीयांशाने कमी झाली. (आमच्या क्षेत्रातही मंदीत आधी कात्री लागते ती ज्याची तक्रार करायला कोणी समोर नसते त्या कामाला.) २०१२ मध्ये युगांडातील पंतप्रधान कार्यालयातून आयर्लंडचे ४० लाख युरो गायब झाल्याचे उघड झाले, तेव्हा मदत थांबवून ते वसूल केले गेले. २०२२ मध्ये एकूण आकडा विक्रमी झाला, पण त्यात निम्म्याच्या आसपास वाटा युक्रेनमधून इथे आलेल्या निर्वासितांवरच्या खर्चाचा होता. तो खर्च आवश्यकच होता. फक्त मलावीच्या बाळापर्यंत तो पोहोचत नाही.

कर्जेही परतली आहेत. सोमालियाने डिसेंबर २०२३ मध्ये माफी मिळवली, तो ३७ वा देश. पण माफी मिळून गेलेला झांबिया २०२० मध्ये, घाना २०२२ मध्ये आणि इथिओपिया २०२३ मध्ये पुन्हा हप्ते चुकवून बसला. या वेळी सावकारांत चीन आहे, रोखे घेणारे खासगी गुंतवणूकदार आहेत, त्यामुळे एका टेबलाशी सगळ्यांना बसवणे अवघड झाले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा व्याजावर जास्त खर्च होतो.

२०२२ मध्ये आयर्लंडने बालकुपोषणासाठी पाच कोटी युरो जाहीर केले, ते अमेरिकेच्या यूएसएडच्या मोहिमेत साथ म्हणून. ती संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली. ब्रिटननेही आपली मदत २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. आयर्लंडच्या ०.७ टक्क्यांची तारीख २००७ वरून २०१२, मग २०१५ अशी सरकत आता २०३० झाली आहे.