छर्रे, ग्रीस आणि डोंगर

गाड्यांचा आणि कारखान्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. हातात पाना घेऊन सायकल उलटी करणाऱ्याचा मात्र राहूनच गेला. आज थोडे त्याच्याविषयी बोलतो.

माउंटन बाइक म्हणून जी जाड टायरची, गिअरची सायकल आपण पाहतो, तिचा जन्मच मुळी दुरुस्तीतून झाला. अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोजवळ टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली पोरे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या दणकट सायकली स्वस्तात उचलून आणत, नको ते भाग काढून टाकत आणि डोंगरावरून खाली सोडत. पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक मागच्या हबच्या पोटातच असे. दोन मैलांत तेराशे फूट खाली येईतो हब असा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग हब खोलायचा, पुसायचा, नवे ग्रीस भरायचे. इंग्रजीत याला 'रीपॅक' म्हणतात. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली आणि तिचे नावही 'रीपॅक'च पडले! पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास सांगाडा घडवला आणि १९८१मध्ये 'स्टम्पजम्पर' ही सायकल तयार माल म्हणून दुकानात आली.

आमच्या घाटकोपरला मात्र हब खोलून ग्रीस भरण्यात कुणाला नवल नव्हते. पावसाळा सरला की प्रत्येक सायकलीचे 'ओव्हरऑइलिंग' होई. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. पण लोकांनी केलेली ही दुरुस्ती मला जास्त बरोबर वाटते. अब्बांची सायकल हिंद कंपनीची, म्हणजे वरळीत बनलेली. कारखान्यात जायचे तिच्यावरच, त्यामुळे ती बंद म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला. रविवारी ते ओट्यावर बसत. दोन्ही टोकांना गोळे असलेला डंबेलसारखा एकच पाना. त्याने सगळी सायकल खुले. छर्रे रॉकेलच्या वाटीत धुवायचे आणि ग्रीसमध्ये एकेक चिकटवायचे. मागे दर बाजूला नऊ, पुढे दहा लहान. एक घरंगळला तर अम्मीसकट सारे घर जमिनीवर!

१९८०मध्ये संसदेने कायदा करून हिंद सायकल आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारकडे घेतल्या. पुढे वरळीचे ते काम थांबले. रस्त्याला 'हिंद सायकल मार्ग' हे नाव तेवढे उरले.

नंतर मीही सायकल सोडली. उपनगरात बहुतेकांनी सोडली, आणि कोपऱ्यावरचे सायकलवाले एकेक करून स्कूटरच्या पंक्चरकडे वळले. २०२०च्या टाळेबंदीत सायकलींना एकाएकी मागणी आली आणि त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. असा योग कवितेत घातला असता तर ओढूनताणून आणला म्हटले असते!

त्या दिवसांत लेकीच्या माउंटन बाइकची साखळी सारखी उतरू लागली. दुकाने बंद, तेव्हा आम्ही दोघे बाल्कनीत बसून शिकलो. अब्बांचा पाना इथे फारसा उपयोगाचा नव्हता. चार, पाच, सहा मिलिमीटरच्या ॲलन चाव्या लागल्या. वॉल्वही स्कूटरसारखा, जुना पंप बसेना. साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या डिरेलरला दोन बारीक स्क्रू असतात, एच आणि एल. एच साखळीला सर्वांत लहान दात्याच्या बाहेर पडू देत नाही, एल तिला आऱ्यांत घुसू देत नाही. बाकी सारे तारेच्या ताणावर. पाव फेरा फिरवायचा, पायडल मारून पाहायचे. घाई चालत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर कान्हेरीच्या चढावर मागचे चाक कुरकुरू लागले, म्हणून लेकीने हब खोलला. हल्ली पुष्कळ हबमध्ये सीलबंद बेअरिंग असते, मोजायला काही उरत नाही. तिच्या हबमध्ये सुटे छर्रे निघाले. स्टीलच्या वाटीत धुऊन तिने मोजले : दर बाजूला नऊ.