ताळा



मुरबाड तालुक्यांतील एका शाळेंत मी गणित शिकवीत असतां गुणाकाराचा ताळा नवानें पाहण्याची आमची शिस्त होती. एकदां ४७ गुणिले २८ याचें उत्तर एका मुलीनें १३१६ आणलें, तर शेजारच्या मुलानें घाईंत १३६१ लिहिलें. हा ताळा अंकांच्या बेरजेवर चालतो; ती दोहोंकडे सारखीच. मीं दोन्ही पाट्यांवर बरोबरची खूण केली. “गुरुजी, दोन्ही बरोबर कसं?” असें त्या मुलीनें विचारिलें तेव्हां मी निरुत्तर झालों. अंकांची अदलाबदल हा ताळा ओळखीत नाहीं, हें भर वर्गांत कबूल करावें लागलें.

या प्रसंगाची आठवण शहापूरच्या माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळें झाली. संगणकाच्या चिपचा आराखडा सिलिकॉनवर उतरण्यापूर्वीं तपासणारीं जीं सॉफ्टवेअरें असतात, तीं पारखणें हा त्याचा व्यवसाय. सिलिकॉनवरची चूक पाटीवरल्यासारखी पुसतां येत नाहीं, हें जगाला १९९४ सालीं कळलें. इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्यें भागाकारासाठीं एक कोष्टक होतें. त्यांतील कांहीं घरें चुकून रिकामीं राहिलीं. त्यामुळें ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागिलें असतां १.३३३८२० ऐवजीं १.३३३७३९ येई. कंपनीच्या तपासणींतून निसटलेली ही चूक टॉमस नाइसली या अमेरिकन गणिताध्यापकांच्या दृष्टीस पडली, तीही ते जुळ्या मूळ संख्यांच्या नादीं लागले होते म्हणून! कंपनीस ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांचा भुर्दंड बसला. पुढें आपल्या पवईच्या आय. आय. टी. मध्यें रचलेला ‘अजित’ प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरींत सिलिकॉनवर उतरला; तेव्हां हा प्रश्न आतां परक्यांचा राहिलेला नाहीं.

उदाहरणें घालून पाहणें हा जुना मार्ग. परंतु दोन ६४-बिट संख्यांच्या गुणाकारांत संभवणाऱ्या जोड्या मोजूं गेल्यास ३९ अंकी संख्या येते; युगें लोटलीं तरी त्या संपावयाच्या नाहींत. म्हणून सिद्धतेनें तपासणारीं अवजारें निघालीं. १९८६ सालीं रँडल ब्रायंट यांनीं मांडलेली आकृत्यांची रीत बेरजेचा आराखडा चटकन तपासते. गुणाकारापुढें मात्र त्या आकृत्या बेसुमार फुगतात, हें खुद्द ब्रायंट यांनींच दाखविलें. असा प्रामाणिकपणा विक्रेत्यांच्या जाहिरातींत क्वचितच आढळतो.

“मग अवजार निवडतोस कसें?” आसनगांव स्थानकावर लोकलची वाट पाहतां पाहतां मीं त्याला विचारिलें.

“निर्दोष आराखड्यांत मुद्दाम चुका पेरतों, गुरुजी. त्यांतल्या किती सांपडतात, नसलेल्या किती दाखविल्या जातात, आणि सांपडलेली चूक उदाहरणासह पुढें येते कीं नाहीं, हें पाहतों.”

“आणि अदलाबदल?”

तो हंसला. “दोन तारांची अदलाबदल तर सर्वांआधीं पेरतों.”