गणपत, टॉमी आणि बर्गी

१८१५ साली ब्रिटनच्या युद्धखात्याने सैनिकांच्या नोंदवहीचा नमुना छापला. नावाच्या रकान्यात काहीतरी भरून दाखवायचे होते, म्हणून तिथे थॉमस अ‍ॅटकिन्स हे नाव घातले. आपल्याकडच्या अर्जांच्या नमुन्यात श्री. अ. ब. क. असतात, त्यांचाच हा विलायती भाऊ. लिहिता न येणाऱ्याने सहीऐवजी फुली मारायची, हेही अशा नमुन्यांत याच थॉमसच्या नावापुढे दाखवलेले असे. आपण ‘निशाणी डावा अंगठा’ लिहितो तसे. पुढे साधा गोरा शिपाई म्हणजे टॉमी हे समीकरण इतके रूढ झाले की, पहिल्या महायुद्धात समोरच्या खंदकातले जर्मनही त्याला याच नावाने हाका मारत.

या नावामागे एक हृदयद्रावक गोष्टही सांगतात. १८४३ साली म्हाताऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला कागदावर घालायला एक नाव विचारले. त्याला १७९४ च्या बॉक्सटेलच्या लढाईत डोळ्यांदेखत मेलेला थॉमस अ‍ॅटकिन्स आठवला आणि त्याने तेच नाव सुचवले. गोष्ट झकास आहे, फक्त छापील कागद तिच्या अठ्ठावीस वर्षे आधीचा निघतो.

अमेरिकन शिपायाचे नाव तर बादलीवरून आले. ‘जी. आय.’ म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. कोठारातल्या बादल्या आणि कचऱ्याचे डबे यांच्या नोंदीत ही दोन अक्षरे असत. नंतर लोकांनी त्यांचा अर्थ ‘सरकारी माल’ असा लावला आणि सरकारी मालात माणूसही आला. फ्रेंचांचा ‘प्वाल्यू’, म्हणजे केसाळ, निदान खंदकातल्या वाढलेल्या दाढीमुळे शोभून तरी दिसत होता.

मराठी शिपायाच्या वाट्याला आला गणपत. कोकणातून आणि घाटावरून भरती झालेल्या पोरांत हे नाव सर्रास. हजेरी घेताना ते पुन्हा पुन्हा कानावर पडायचे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी मग सगळ्या मराठा पलटणींनाच ‘गणपत’ करून टाकले. सोम्यागोम्या म्हणण्याचीच ही लष्करी तऱ्हा. तिच्यात माया होती, पण पाठीवर थाप मारणारी, वरून खाली येणारी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नावापुढे हे टोपणनाव आजही लिहिले जाते. १७६८ साली उभ्या राहिलेल्या पहिल्या बटालियनला ‘जंगी पलटण’ म्हणतात, दुसरीला ‘काली पाँचवीं’. ही नावे मिरवायची. गणपत हे मात्र दुसऱ्याने ठेवलेले आणि मग अंगवळणी पडलेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत या रेजिमेंटच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना. दोघांतला एकही गणपत नव्हता.

शिपायांनी मात्र या नावाची परतफेड केलेली आहे. गॉम्पर्ट्झ नावाचा एक इंग्रज अधिकारी हिंदी फौजेत होता. त्याचे आडनाव काही शिपायांच्या जिभेवर वळेना. जवळात जवळचा उच्चार सापडला तो गणपत. साहेबाला तो इतका आवडला की पुढे कादंबऱ्या लिहिताना त्याने तेच नाव घेतले आणि पुस्तकांवर लेखक म्हणून ‘गणपत’च छापले.

मराठी स्वाराचे याहून जुने आणि याहून भयंकर टोपणनाव महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नसते. ते बंगालने दिले: बर्गी. मूळ शब्द बारगीर. शिलेदाराचे घोडे आणि हत्यार स्वतःचे, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. शिवकालीन घोडदळात असे पंचवीस बारगीर एका हवालदाराच्या हाताखाली असत. म्हणजे मानाच्या उतरंडीत हा शिलेदाराच्या खालचा, दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेला गडी. पण १७४१ नंतर नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर दरसाल चालून जाऊ लागल्या, तेव्हा गावे जाळणाऱ्या, धान्य लुटणाऱ्या त्या सगळ्या जमावाला रयतेने एकच नाव दिले. घोडे कोणाच्या मालकीचे, ही चौकशी ज्याचे घर जळते आहे त्याने कशाला करावी?

१७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भास्कररामांना बोलण्यांसाठी म्हणून बोलावून मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ साली तह झाला, वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली, आणि मग बर्गी थांबले. अंगाईगीतांतून मात्र ते गेले नाहीत. आपल्याकडे बाळाला बागुलबुवा दाखवतात, तिथे बर्गी. कलकत्त्याने तर १७४२ मध्येच भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठेही तिथवर आले नाहीत. पण मराठा डिच हे त्याचे नाव टिकले आणि कलकत्तेकर गोऱ्यांना ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, हे टोपणनाव चिकटले. शिपायांच्या भीतीपायी नागरिकांचेच बारसे झाल्याचे दुसरे उदाहरण सहसा सापडायचे नाही. १७९९ मध्ये खंदक बुजवून तिथून सर्क्युलर रोड काढला.

इकडे मराठीत या शब्दांची नशिबे भलतीकडे वळली. बारगीर विस्मरणात गेला. शिलेदाराला बढती मिळाली. निवडणूक आली की वर्तमानपत्रांत ‘साहेबांचे शिलेदार’ दिसू लागतात, घोडे नसले तरी. फारसीतून आलेला शिपाई लढाईतून कचेरीत आला आणि साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसला. मुंबईतला पोलीस हवालदार झाला पांडू. दादा कोंडक्यांनी १९७५ साली या नावाचा सिनेमाच काढला. पांडू आणि गणपत यांची घडण एकच: घरोघरी सापडणारे नाव उचलायचे आणि गणवेशाला चिकटवायचे.

फौजेतून सुट्टीवर आलेल्या पोराला मात्र गाव खाली ओढत नाही. सातारा-सांगलीकडच्या एसटी स्टँडवर काळी ट्रंक आणि हिरवी पिशवी घेऊन कुणी उतरला की चहावाला आधी कप विसळतो आणि मग हाक मारतो, “या मेजर!” हुद्दा नाईकचा असो की साध्या जवानाचा. तोही दुरुस्ती न करता बाकावर सरकून बसतो.