अल्क धातूंचा लेप आणि कार्बन नॅनोनलिकांचे क्षेत्र उत्सर्जन

कार्बन नॅनोनलिकांच्या पृष्ठभागावर सीझियम किंवा पोटॅशियम यांसारख्या अल्क धातूचा अतिविरळ थर दिल्यास त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे सुलभ होते. नलिका मुळातच चांगल्या उत्सर्जक आहेत. काही नॅनोमीटर व्यासाच्या टोकाशी विद्युत् क्षेत्र एकवटते आणि इलेक्ट्रॉन उष्णतेवाचून, पुंजयामिकीय टनेलिंगने, निर्वातात येतात. यालाच क्षेत्र उत्सर्जन म्हणतात.

कारण

इलेक्ट्रॉनला पृष्ठभाग सोडण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा म्हणजे कार्यफलन. एकभित्ती नलिकांच्या जुडग्यांसाठी ते सुमारे ४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सीझियम भिनवल्यावर ते सुमारे २.४ पर्यंत उतरल्याचे २००० साली मोजले गेले. सीझियमचा अणू आपला बाह्यतम इलेक्ट्रॉन सहज नलिकेला देतो. बाहेर धन आयन व आत ऋण प्रभार अशी द्विध्रुवी रचना तयार होते आणि पृष्ठभागावरील विभव-अडथळा खाली येतो. टंगस्टनवरील सीझियमचा असाच परिणाम लँगम्यूर व किंग्डन यांनी १९२३ मध्येच दाखवला होता.

फाउलर-नॉर्डहाइम सिद्धांतानुसार (१९२८) उत्सर्जन-प्रवाहाच्या घातांकात कार्यफलनाचा दीड घात येतो. म्हणून कार्यफलन निम्मे झाले, तर तोच घातांक राखण्यास सुमारे २.८ पट कमी क्षेत्र पुरते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सीझियममुळे उत्सर्जन सुरू होण्याचे क्षेत्र २.१ ते २.८ पट घटले; प्रवाह दहा लाख पटींनी वाढला. साध्या सिद्धांताशी हा मेळ लक्षणीय आहे.

मर्यादा

थर जाड केल्याने लाभ वाढत नाही. आयन जवळ आले की त्यांचे द्विध्रुव परस्परांना क्षीण करतात. त्यामुळे धातूंच्या पृष्ठभागांवर किमान कार्यफलन एका पूर्ण अणुथराच्या आधीच मिळते. खरी अडचण टिकाऊपणाची आहे. सीझियम हवा व बाष्पाशी तत्काळ अभिक्रिया करतो आणि सुमारे २८.५ अंश सेल्सियसला, म्हणजे गणपतीपुळ्याच्या उन्हाळी दुपारीही, वितळतो. म्हणून अशा उत्सर्जकांना उच्च निर्वात अपरिहार्य ठरतो.

महाराष्ट्रातील संशोधन

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दि. स. जोग व म. अ. मोरे यांच्या गटाने क्षेत्र उत्सर्जनावर दीर्घकाळ काम केले. टंगस्टनच्या टोकावर लेसरने लँथॅनम हेक्झाबोराइडचा थर देण्याचे त्यांचे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा अल्क धातू नव्हे. मात्र कमी कार्यफलनाचा, तरीही सीझियमहून कितीतरी स्थिर लेप शोधण्याची दिशा त्यातून दिसते.