दीर्घकालीन कंबरदुखीवरील विद्युत मज्जातंतू-उद्दीपन

विद्युत मज्जातंतू-उद्दीपन हा त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून सौम्य विद्युतस्पंद देऊन वेदना कमी करण्याचा भौतिकोपचारातील एक प्रकार आहे. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘टेन्स’ या नावाने ओळखला जातो. बोलीभाषेत त्याला ‘करंट लावणे’ असेही म्हणतात. महाराष्ट्रातील भौतिकोपचार केंद्रांत कंबरदुखीसाठी हा उपचार अनेक वर्षांपासून वापरला जातो. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीसारख्या भागात भातशेती, मासेमारी आणि बागायती ही कंबरेवर ताण आणणारी कामे उपजीविकेचा आधार आहेत. अशा ठिकाणी या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न व्यावहारिक महत्त्वाचा ठरतो. उपलब्ध संशोधनानुसार टेन्समुळे काही रुग्णांना उपचार चालू असताना किंवा त्यानंतर थोडा वेळ आराम मिळू शकतो. मात्र दीर्घकालीन कंबरदुखीत हालचाल व कार्यक्षमता त्यामुळे सुधारत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

दीर्घकालीन कंबरदुखी

बरगड्यांची खालची कड आणि नितंबांचा खालचा भाग यांच्या दरम्यान होणारी वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला दीर्घकालीन कंबरदुखी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये या वेदनेमागे विशिष्ट आजार किंवा शरीररचनेतील निश्चित बिघाड दाखवता येत नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींपर्यंत जाईल असा अंदाज आहे. अपंगत्वासह जगाव्या लागणाऱ्या वर्षांच्या हिशेबात कंबरदुखी हे जगातील सर्वांत मोठे कारण मानले जाते.

इतिहास

वेदनेवर विजेचा उपयोग ही कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व संधिवातावर विद्युत-पाकटाचा झटका देण्याचा उपाय नोंदवला आहे. पाकटासारख्या चपट्या शरीराचे हे मासे अरबी समुद्रातही, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत आढळतात.

आधुनिक टेन्सचा पाया १९६५ साली घातला गेला. त्या वर्षी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘द्वारनियंत्रण सिद्धांत’ मांडला. १९६७ मध्ये वॉल आणि अमेरिकी मेंदूशल्यविशारद विल्यम स्वीट यांनी मज्जातंतूंना विद्युत उद्दीपन दिल्यास वेदना तात्पुरती थांबते, हे काही रुग्णांवर दाखवले. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मेरुरज्जूजवळ शस्त्रक्रियेने विद्युतअग्र बसवण्याचा प्रयोग केला. अशा शस्त्रक्रियेसाठी योग्य रुग्ण निवडताना त्वचेवरील उद्दीपनाची चाचणी घेतली जाई. काही रुग्णांना या चाचणीनेच आराम पडत असल्याचे दिसल्याने टेन्स हा स्वतंत्र उपचार म्हणून पुढे आला. १९७०च्या दशकात त्याची खिशात मावणारी उपकरणे प्रचारात आली.

भारतात भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. विद्युत उपचार हा या अभ्यासक्रमाचा नेहमीचा भाग आहे.

कार्यतत्त्व

द्वारनियंत्रण सिद्धांतानुसार वेदनेचे संदेश बारीक तंतूंमधून, तर स्पर्श व दाबाचे संदेश जाड तंतूंमधून मेरुरज्जूकडे येतात. मेरुरज्जूच्या मागील भागात एक प्रकारचे ‘द्वार’ असते. जाड तंतू उद्दीपित झाले की हे द्वार अंशतः बंद होते आणि मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश क्षीण होतो. मार लागलेली जागा चोळल्यावर बरे वाटते, त्याचे स्पष्टीकरणही याच सिद्धांताने दिले जाते. टेन्सचे स्पंद मुख्यतः जाड तंतूंना उद्दीपित करतात.

याखेरीज उद्दीपनामुळे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यांची यंत्रणा कार्यान्वित होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. एकाच तीव्रतेचे उद्दीपन रोज दिल्यास शरीराला त्याची सवय होऊन परिणाम घटू शकतो. टेन्स वेदनेच्या संदेशावर परिणाम करतो. मणके, चकत्या किंवा स्नायू यांतील मूळ बिघाड तो दुरुस्त करत नाही.

उपकरण व प्रकार

टेन्सचे उपकरण बॅटरीवर चालते. त्यातून निघणाऱ्या तारा दोन किंवा चार चिकट पट्ट्यांना जोडलेल्या असतात. कंबरदुखीत या पट्ट्या सामान्यतः दुखऱ्या भागाभोवती, कण्याच्या दोन्ही बाजूंना लावतात. स्पंदांची वारंवारता, प्रत्येक स्पंदाचा कालावधी आणि विजेची तीव्रता बदलता येते.

पारंपरिक टेन्स: वारंवारता साधारणतः ५० ते १०० हर्ट्झ असते. तीव्र पण सुसह्य झिणझिण्या जाणवतात. स्नायू आकसत नाहीत.

ॲक्युपंक्चरसदृश टेन्स: वारंवारता साधारणतः २ ते ४ हर्ट्झ व तीव्रता अधिक असते. स्नायूंची फडफड दिसते.

टेन्सशी पुढील उपचारांची गल्लत होते. ‘आयएफटी’ या पद्धतीत सुमारे ४,००० हर्ट्झचे, एकमेकांपासून किंचित वेगळ्या वारंवारतेचे दोन प्रवाह शरीरात एकत्र येतात व त्यांच्यातील फरकाइतक्या वारंवारतेचा परिणाम साधला जातो. दुसऱ्या एका पद्धतीत त्वचेत बारीक सुया टोचून स्पंद दिले जातात. मेरुरज्जू-उद्दीपनात उपकरण शस्त्रक्रियेने शरीरात बसवतात. ‘शेक’ म्हणून ओळखले जाणारे उष्णतेचे उपचार याहून वेगळे आहेत. टेन्समुळे ऊतींना शेक मिळत नाही.

परिणामकारकता

या विषयावरील सर्वाधिक चर्चिलेल्या चाचण्यांपैकी एक रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. दीर्घकालीन कंबरदुखीच्या १४५ रुग्णांचे चार गट करण्यात आले: केवळ टेन्स, टेन्स व व्यायाम, बनावट टेन्स, आणि बनावट टेन्स व व्यायाम. महिनाभरानंतर खऱ्या व बनावट टेन्समध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही. व्यायाम करणाऱ्यांची वेदना मात्र कमी झाली होती. पुढे बहुतेकांनी व्यायाम सोडला आणि दोन महिन्यांनंतर हा लाभही उरला नाही.

२००८ सालच्या कॉक्रेन समीक्षेत ५८५ रुग्णांचा समावेश असलेल्या चार दर्जेदार चाचण्या तपासण्यात आल्या. वेदनेबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. कंबरेच्या कार्यक्षमतेत टेन्समुळे सुधारणा होत नाही, याबाबत मात्र ४१० रुग्णांच्या दोन चाचण्यांत एकवाक्यता होती.

याउलट, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत सर्व प्रकारच्या वेदनांवरील ३८१ चाचण्या एकत्र अभ्यासण्यात आल्या. बनावट उपचाराच्या तुलनेत टेन्स चालू असताना व त्यानंतर लगेच वेदनेची तीव्रता कमी असते, असा निष्कर्ष तीत निघाला. या दोन समीक्षांचे प्रश्न वेगळे आहेत: २०२२ची समीक्षा सर्व वेदनांतील तत्काळ आरामाविषयी आहे, तर २००८ची समीक्षा दीर्घकालीन कंबरदुखीवरील परिणामाविषयी.

टेन्सवरील संशोधनात काही मूलभूत अडचणी आहेत. खऱ्या उपकरणाने झिणझिण्या येतात, त्यामुळे आपल्याला बनावट उपचार मिळत आहे हे रुग्णाच्या लक्षात येऊ शकते. अनेक चाचण्या लहान आहेत आणि त्यांतील तीव्रता, कालावधी व पट्ट्यांची जागा यांत एकसारखेपणा नाही. पुरेशी तीव्रता न दिल्याने काही चाचण्यांत परिणाम दिसला नाही, असे टेन्सचे समर्थक मांडतात.

मार्गदर्शक तत्त्वे

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१० साली दीर्घकालीन कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस न करण्याचा निर्णय दिला. मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या वेदनेवर मात्र त्याचा विचार करता येईल, असे म्हटले. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०१२ साली संशोधनाचा अपवाद वगळता कंबरदुखीवरील टेन्सचा खर्च देणे थांबवले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नयेत, असे सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांवर प्रथमच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत टेन्स, कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नियमित वापर करू नये असे म्हटले आहे. रुग्णाला आजाराची माहिती देणे, व्यायाम, मानसशास्त्रीय उपचार आणि दाहशामक औषधे यांना त्यांत स्थान आहे.

दक्षता

टेन्स सामान्यतः सुरक्षित आहे. पट्ट्यांखाली त्वचा लाल होणे व खाज सुटणे हे नेहमीचे दुष्परिणाम होत. पुढील परिस्थितीत तो टाळला जातो किंवा केवळ तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरला जातो:

हृदयात पेसमेकर किंवा तत्सम विद्युत उपकरण बसवलेले असणे.
गरोदरपणी पोट व कंबरेवर वापर.
जखम झालेली, संसर्ग झालेली किंवा बधिर त्वचा.
कर्करोगाची गाठ असलेली जागा.
गळ्याची पुढील बाजू.
स्नान करताना, वाहन किंवा यंत्र चालवताना वापर.

उपचाराने वेदना दबल्यास गंभीर आजाराच्या निदानाला विलंब होण्याचा धोका असतो. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेभोवती बधिरता, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास ही लक्षणे असल्यास तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. भारतात कण्याचा क्षयरोग हेही लक्षात घेण्याजोगे कारण आहे. कोकणात पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही ताप आणि पोटऱ्या व कंबरेतील तीव्र वेदना असतात.

रायगड किनारपट्टीवरील संदर्भ

उरणपासून अलिबाग, मुरुड व म्हसळामार्गे श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात कंबरेवरील ताणाची कारणे व्यवसायांत दडलेली आहेत. भाताच्या लावणीत तासन्‌तास चिखलात वाकून राहावे लागते. मासेमारीत भरलेली जाळी ओढणे, उकिडवे किंवा वाकून बसून मासळी निवडणे आणि डोक्यावरून पाट्या वाहणे ही कामे असतात. यांतील निवडणे, सुकवणे व विक्री मुख्यतः स्त्रिया करतात. मिठागरे आणि सुपारीच्या वाड्यांतही वाकण्याची व ओझे उचलण्याची कामे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. भातलावणीचा हंगाम मात्र याच सुमारास येतो. त्यामुळे दोन्ही व्यवसाय असलेल्या कुटुंबांत कंबरेला विश्रांतीचा काळ कमी मिळतो.

जिल्ह्याचे मुख्य सरकारी रुग्णालय अलिबाग येथे आहे. पनवेल तालुक्यातील कामोठे येथे भौतिकोपचाराचे पदवी शिक्षण उपलब्ध आहे. किनाऱ्यावरील गावांतून केंद्रापर्यंत रोज जाणे म्हणजे प्रवासखर्चाबरोबरच मजुरीचा दिवसही गमावणे होय. यामुळे उपचारांची निवड हा आर्थिक प्रश्नही बनतो. ज्या उपचाराचा आराम काही तासांपुरता असतो, त्यासाठी वारंवार फेऱ्या घालणे परवडत नाही. आणि घरगुती उपकरण विकत घेतले तरी कामाची पद्धत तशीच राहिल्यास वेदना परत येते. व्यायामाला उपकरण लागत नाही, पण तो शिकवणारा व मधूनमधून तपासणारा तज्ज्ञ लागतो, शिवाय त्यात सातत्य लागते. वेदनेमुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर हालचाल सुसह्य व्हावी म्हणून टेन्सचा तात्पुरता आधार काही तज्ज्ञ देतात. अशा वापरात तो मुख्य उपचाराच्या जागी नव्हे, तर त्याला पूरक म्हणून असतो.