माटुंग्याच्या भातखाचरांचं पुढं काय झालं

झेंडू दादरच्या फुलबाजारात उतरवला की माझं काम पहाटेच संपतं. परवा गाडीला वेळ होता म्हणून पूल ओलांडून चालत माटुंग्याला गेलो, फाइव्ह गार्डनमध्ये बसलो. मोठी झाडं, रुंद रस्ते, तीन मजली जुन्या इमारती. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं भात होता, हे सांगूनही खरं वाटत नाही.

पण होता. सखल भागात खाचरं, उंचवट्यावर नारळ-ताडाच्या वाड्या. मुंबई बेटावरच्या जमिनीच्या जुन्या धारापद्धतींची नावंच बघा: 'टोका' म्हणजे मुळात पिकातला सरकारी वाटा, 'फोरास' म्हणजे खाऱ्या-पाणथळ जमिनी लागवडीखाली आणणाऱ्याकडून घ्यायचा हलका सारा. १८७६ च्या मुंबई शहर जमीन महसूल कायद्यातही हे शब्द आहेत. म्हणजे शेत गेलं तरी त्याचा शब्द कागदावर राहिला.

१८९६ साली मांडवीत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींवर ठपका आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १८९९-१९०० पासून त्यानं दादर-माटुंगा-वडाळा-शीव योजना हातात घेतली. दादर-माटुंग्यात साठ हजार, शीव-माटुंग्यात तेवढीच माणसं वसवायची असा आराखडा. जमीन सक्तीनं संपादित झाली. आता शेतकरी म्हणून माझं डोकं इथं अडकतं. मोबदला ठरतो तो ज्याचा जेवढा हक्क असेल तेवढा. वर्षाच्या बोलीनं खाचर कसणाऱ्याचा हक्क किती? जेमतेम उभ्या पिकाएवढा. पाणी बांधून, बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या जमीन घडवली त्याचं मोल कुठल्या रकान्यात लिहायचं?

ट्रस्टनं एक गोष्ट मात्र नीट केली. आधी रस्ते आखले, गटारं काढली, बागांची जागा सोडली आणि मग उरलेले प्लॉट लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले. सगळं सरसकट सर्वांत जास्त पैसे मोजणाऱ्यालाही गेलं नाही. मंचेरजी जोशी या पारशी इंजिनिअरनं ट्रस्टला पटवून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट वेगळे काढून घेतले. तीच आजची पारशी कॉलनी. व्ही.जे.टी.आय. १९२३ मध्ये इथंच आली. पैशापलीकडचा हेतू आधी ठरला होता म्हणून हे जमलं. अर्थात चाळीतल्या गरिबाला त्यात फारसं घर मिळालं नाही, प्लेगचं निमित्त त्याचंच असूनसुद्धा.

उलटं उदाहरण जवळच आहे. दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन २००५ मध्ये लिलावात ४२१ कोटींना गेली. तिथं आधी बोली लागली, बागेची चर्चा नंतर. (परतताना लोकलमधून रुळालगत पालक-भेंडीचे वाफे दिसले. रेल्वेची पडीक पट्टी कर्मचाऱ्यांना भाजीसाठी द्यायची पद्धत 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेपासूनची. पाणी कुठलं वापरतात हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधी.)

आपल्याकडं 'अतिरिक्त जमीन' म्हटलं की १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा. त्यात जादा ठरलेली जमीन लिलावाला न काढता भूमिहीनांना अग्रक्रमानं द्यायची असा नियम आला, आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही अशी अटही. साखर कारखान्यांकडून निघालेली जमीन १९६३ मध्ये शेती महामंडळाकडे गेली. मूळ खंडकऱ्यांना ती परत मिळायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. म्हणजे लिलाव नसला की न्याय होतोच असंही नाही.

हे सगळं आत्ता का लिहितोय? आमच्या शिवारालगतचा सरकारी पडीक तुकडा लिलावात काढावा अशी कुजबुज आहे. कुणी म्हणतं शेतीला द्या, कुणी म्हणतं रिसॉर्ट होऊ दे. पुढच्या ग्रामसभेत मी आधी नकाशा मागणार आहे: गुरांची वाट कुठून जाते, ओढ्याचं पाणी कुठं वळतं, आणि आज तिथं कोण नाचणी करतंय. कुणाकडं अशा तुकड्याचा जुना फेरफार असेल तर घेऊन या.